मूळपुरुष अण्णा

आमच्या खंडाळ्याचे अण्णा शाळेतून निवृत्त झाले, शिकवण्यातून नाही. समोरच्यानं तोंड उघडलं, मग ते घास घ्यायला का असेना, की यांचा तास सुरू.

आषाढी एकादशीला काकूंनी साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवली. अण्णांनी चमच्यानं ताटातच वाटण्या केल्या. "हा बटाटा, दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. मिरची पोर्तुगिजांनी आणली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तोही तिकडचाच. ज्ञानोबांनी यातलं काही चाखलेलं नाही!" मग ते जिऱ्याकडे वळले, पण तोवर काकूंनी ताट उचललं होतं.

पुस्तकांचंही तेच. कसलाही वाद निघाला की अण्णा विश्वकोशाचा खंड काढतात. तो वाईत तयार झाला, म्हणजे घाटापलीकडे, म्हणजे जवळजवळ घरचाच. त्याचे संपादक तर्कतीर्थ, त्यांच्याबद्दल तर ते शेजारच्या आळीतले असावेत असं बोलतात. काकूंकडे एकच ग्रंथ, 'रुचिरा'. सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली वाटी-चमच्याची मापं देऊन सगळ्यांना स्वयंपाक शिकवला. "तुमच्या खंडांवर एक भाकरी थापून दाखवा," म्हटलं की अण्णा गप्प होतात. मिनिटभर.

सिनेमाला त्यांच्याबरोबर बसू नये. 'स्वदेस' लागला की नायक बाजूला राहतो. "ते चरणपूर उत्तर प्रदेशातलं म्हणे! अरे, हा मेणवलीचा घाट. नाना फडणविसांचा. तिथली घंटा वसईच्या स्वारीतली, 1739! पोर्तुगिजांनी मिरची दिली, आपण त्यांची घंटा आणली. फिट्टंफाट!" व्यवहार असा पक्का जुळला की स्वारी खूश, तोवर इकडे नायिकेनं काय ठरवलं, कोणालाच कळलेलं नसतं.

त्यांची खरी जखम मात्र 1998 ची. 'गुलाम' आला आणि आमीर खाननं स्वतः गायलेल्या खंडाळ्याच्या त्या गाण्यापासून प्रत्येक पाहुणा गाव ऐकताच डोळा मारतो. "ते बोरघाटातलं! आमचं खंबाटकीखालचं, सातारा जिल्ह्यातलं. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्या तालुक्यात!" अण्णा चिडतात, आणि मला वाटतं, इथं ते शंभर टक्के बरोबर आहेत.

भेटायला जरूर जा. पुण्याहून येताना शिरवळ मागे पडलं की खंबाटकी चढण्याआधीच उतरायचं. फक्त घरून जेवून निघा.