ट्रे-अण्णा

भोसरी एमआयडीसीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. इलेक्ट्रिकल सुपरवायझर, वय अठ्ठावन्न, त्यातली निम्मी वर्षं मान वर करून काढलेली. आपण नमस्कार करावा, तर अण्णा आपल्या डोक्यावरच्या केबल ट्रेकडे बघत "हं" म्हणतात.

शेडमधलं काम आटोपून पोरं डबे उघडणार, एवढ्यात अण्णा शिडीवर. हातमोजा काढून ट्रेच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवतात. रक्त आलं की चेहरा खुलतो! "बघ, माझं कातडं फाटतंय, केबलचं सोडेल का? कानस आण. आणि वरून झिंकचा हात मार." मग चिंधी बांधलेलं ते बोट दिवसभर सगळ्यांना दाखवत हिंडतात.

पॉवरची आणि सिग्नलची केबल एकाच ट्रेत दिसली, की त्यांचं सोवळं मोडतं. "ही घुमायला लागली की तिला काही ऐकू येत नाही. आमच्या घरी तेच आहे." रंग दिलेल्या ट्रेच्या सांध्यावर तांब्याचा जंपर नसेल, तर नुसत्या नटबोल्टच्या भरवशावर अर्थिंग सोडायला ते तयार नसतात. कुणी वाद घातलाच तर नॅशनल इलेक्ट्रिकल कोड टेबलावर येतो. 1985चा, 2011चा आणि 2023चा, तिन्ही पोथीसारखे फडक्यात बांधलेले. उघडावे लागत नाहीत, वजनच पुरतं.

"अण्णा, एवढ्या वर कोण बघायला येतंय?"

"उंदीर."

ट्रे भिंतीतून जातो ते भोक आगरोधक मसाल्यानं लिंपल्याशिवाय बिलावर सही नाही. कंत्राटदार त्यांना शिव्या घालतात. मला विचाराल तर त्या भोकातून धूर पलीकडच्या खोलीत जाण्यापेक्षा शिव्या परवडल्या.

गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं चाललेली, अक्षता मुठीत, अण्णांची नजर मंडपाच्या लोखंडी पाइपावर. जनरेटरची सोललेली केबल तिथं सुतळीनं बांधली होती. भटजी "सावधान" म्हणाले आणि अण्णा ओरडले, "मेन पाडा!" 'सावधान' ऐकून खरोखर सावध झालेला मी पाहिलेला हा एकमेव माणूस.

केबल बदलून पाइपाला अर्थिंग होईपर्यंत पंगत बसली नाही. पावणेतीनला पानं वाढली, तेव्हा जिलबी गार होती आणि मठ्ठा गरम.