बॅक बटणाची समजूत

पान न हलवता आतला मजकूर बदलायच्या तंत्राला फेब्रुवारी २००५मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी 'अजॅक्स' हे नाव दिलं आणि त्याचं वारं वेबवर शिरलं. सगळे खूश. बॅक बटणाला मात्र कोणी कळवलंच नाही. माणूस एकाच पानात वीस ठिकाणी हिंडून सवयीने मागे जाई, आणि बटण त्याला थेट उंबऱ्याबाहेर नेऊन सोडी.

पानातल्या कोडला, म्हणजे जावास्क्रिप्टला, ब्राउझरच्या इतिहासाची वही नुसती लांबून दिसे. नोंदी किती ते विचारा. वाचायला मिळणार नाहीत. (खासगीपणासाठी हे ठीकच.) पान न हलवता नवी नोंद घालायची तर अधिकृत सोय नव्हती.

मग चोरवाट सापडली ती हॅशची, म्हणजे # या चिन्हाची. पत्त्यात हॅशपुढे काही बदललं तर पान जागचं हलत नाही, नोंद मात्र होते. फक्त बदल झाल्याची वर्दी कोणी देत नसे. म्हणून प्रोग्रामरांनी टायमर लावले. एसटीतलं पोर 'पनवेल आलं का?' विचारतं, तसा कोड सेकंदाला दहा-दहा वेळा विचारी, 'पत्ता बदलला का?'

इंटरनेट एक्सप्लोरर ६ आणि ७ यांना हेही मान्य नव्हतं. कोडने बदललेला हॅश ते वहीत घेतच नसत. पानातल्या आयफ्रेममध्ये काही उघडलं तर मात्र इमानदारीने नोंद! तेव्हा पानात एक अदृश्य आयफ्रेम दडवायची आणि तिच्यातली पानं गुपचूप उलटत राहायची. गुपचूप कसलं? विंडोजमध्ये पान उघडताना 'टक्' वाजायचं, ते याही पानांना वाजे. माळ्यावर लपवलेला पाहुणा दर दोन मिनिटांनी खोकावा, तशी गत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या दशकातली सर्वांत प्रामाणिक चोरी हीच.

एक्सप्लोरर ८ने २००९मध्ये हॅश बदलल्याची वर्दी द्यायला सुरुवात केली. पुढे एचटीएमएल ५मधलं 'पुशस्टेट' आलं आणि वहीत रीतसर नोंद घालता येऊ लागली. पण तोवर हॅशपुढे उद्गारचिन्ह लावायची टूम निघाली होती. ट्विटरने २०१०मध्ये ती उचलली, २०१२मध्ये टाकली. फेब्रुवारी २०११मध्ये हीच टूम वापरणाऱ्या गॉकर या ब्लॉग-समूहाच्या साइट्सवर जावास्क्रिप्ट अडखळलं आणि वाचकांसमोर कोरी पानं उभी राहिली.

आणि असे पत्ते एकदा वाटले की सुटका नाही. हॅशपुढचा मजकूर सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे जुन्या दुव्यावरून आलेल्याला वळवायला मुखपृष्ठावर जावास्क्रिप्टचा एक तुकडा कायम बसवून ठेवावा लागतो. तो काढावा असं दर नव्या प्रोग्रामरला वाटतं.