जागा असेल तर

विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाबरोबर विमानप्रवास करू नये, हे मला ताईनं आधी सांगायला हवं होतं. तिनं नेमकं उलटं सांगितलं. ‘महालक्ष्म्यांना येतोयस ना? मग पोरीबरोबरच ये. तिच्या ओळखीनं खिडकी मिळेल.’ ताई नागपूरला सोनेगावजवळ राहते. गच्चीवरून तिला उतरणारी विमानं दिसतात आणि त्यातली निम्मी तरी आपली मुलगीच उतरवते, अशी तिची समजूत आहे.

भाची मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे. तिच्या ओळखीनं मला खिडकी मिळाली. तिला स्वतःला मात्र मधली खुर्चीसुद्धा मिळालेली नव्हती. माझं तिकीट पूर्ण पैशांचं, पक्कं. तिचं स्टाफ सवलतीचं, त्यांच्या भाषेत ‘सबलो’. पैसे भरलेले सगळे बसल्यावर खुर्ची उरली तर हिनं बसायचं. नाही उरली तर हसत घरी जायचं. हसणं सक्तीचं. कपडे नीटनेटके हवेत, काउंटरवरच्या सहकाऱ्याशी हुज्जत घालायची नाही आणि आपण स्टाफ आहोत याचा प्रवाशांत गवगवा करायचा नाही. इतक्या अटी आमच्या लग्नातसुद्धा नव्हत्या.

गणपतीतलं विमान, गच्च भरलेलं. सबलोंच्या यादीत भाचीचा नंबर दुसरा. म्हणजे दोन माणसं आली नाहीत, तर हिला जागा. एरवी प्रवासी वेळेवर यावेत म्हणून घसा फोडणारी ही पोरगी त्या दिवशी दरवाजाकडे बघत पुटपुटत होती, ‘दोघंच रे बाप्पा. हायवेवर फक्त दोघांना अडकव.’

पाऊस होताच. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. दोन सुना आणि एकच ओटा. आमचं विमान नागपूरहून यायचं होतं, ते वर कुठेतरी घिरट्या घालत होतं. मी तिला धीर म्हणून इतिहास सांगितला. 1949 साली रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची.

‘म्हणजे पोस्टकार्डाला पक्की जागा होती,’ भाची म्हणाली.

इतिहासाचा असा उपयोग झाल्यावर मी गप्प बसलो आणि ती बोलू लागली.

तिची सुरुवात नांदेडची. उडान योजनेत 2017 साली तिथली विमानसेवा सुरू झाली, त्यानंतर कधीतरी ती तिकडे होती. निम्मे लोक पहिल्यांदाच विमानात बसणारे. एका आजोबांनी शिडीच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वर गेले. विमान उडाल्यावर लोडर धावत आला, ‘मॅडम, खाली काहीतरी पडलंय!’ विमान उभं राहतं तिथे सुटी वस्तू पडली की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, कारण इंजिन ती ओढून घेऊ शकतं. ती वस्तू म्हणजे आजोबांच्या कोल्हापुरी चपला निघाल्या. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा, जोडीनं, टोकं बाहेर करून. चुकलेल्या बॅगेला लावतात तो ‘रश टॅग’ चपलांना लावून त्या पुढच्या विमानानं रवाना केल्या. आजोबांचा फोन आला. आभार वगैरे नंतर, आधी विचारलं, ‘चपलांच्या तिकिटाचे किती झाले?’

मग ती मुंबईला आली, अमेरिकेला जाणाऱ्या विमानांच्या काउंटरवर. ही विमानं निघतात रात्री, आणि त्यांतून जातात बाळंतपणं. 23 किलोची एक बॅग, अशा माणशी दोन. एका बाईंची एक बॅग तीन किलोंनी जास्त भरली. उघडली तर मेतकूट, भाजणी, बाळंतशेपा आणि तळाशी स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू. भाचीनं नियम सांगितला. बाईंनी तो शांतपणे ऐकला, तिथेच रांगेशेजारी फतकल मारली आणि यजमानांच्या अंगावर दोन स्वेटर, एक शाल आणि एक कोट चढवला. महिना मे. तरी काटा हटेना. तेव्हा डबा उघडला. ‘घ्या गं पोरींनो, रात्रीच्या जागताय.’ काट्यावर 23 येईपर्यंत काउंटरवरच्या चौघीजणी बाळंतिणीच्या वाटणीचे लाडू खात होत्या. बॅग पट्ट्यावरून आत गेली, तेव्हा घामानं निथळणाऱ्या यजमानांनी विचारलं, ‘आता स्वेटर काढून हातातल्या पिशवीत घातले तर चालतील?’

याच विमानांना व्हीलचेअरच्या रांगा लागतात. सगळ्यांचे पाय अधू असतात असं नाही. इंग्रजी येत नाही, मधल्या विमानतळावर वाट चुकली तर काय, म्हणून मुलं तिकडून व्हीलचेअर मागवून ठेवतात. तिकडच्या बातम्यांत याची थट्टा होते. मला ती थट्टा आवडत नाही. कळत नसलेल्या भाषेतल्या पाट्यांखाली मध्यरात्री एकट्यानं उभं राहून पाहावं, गुडघे आपोआप दुखू लागतात. एक नऊवारीतल्या आजी अशाच खुर्चीत बसल्या होत्या. ढकलणारा पोरगा बीडचा, सोळा तासांची डबल ड्यूटी करून आलेला. आजींनी गावाचं नाव विचारलं, जेवलास का विचारलं. मग सुरक्षा तपासणीच्या पुढे खुर्ची थांबवून उठल्या आणि म्हणाल्या, ‘आता थोडा वेळ तू बस. मी ढकलते.’ पोरगा गयावया करतोय, आजी ऐकेनात. शेवटी रिकामी खुर्ची दोघांनी मिळून गेटपर्यंत ढकलत नेली.

आता भाची लोडशीट करते. विमानात कुठे किती वजन आहे, याचा हिशेब. ‘आम्ही माणसांना तोलत नाही, मामा. मोठं माणूस 75 किलो धरायचं, तान्हं मूल 10. हातातल्या पिशवीसकट.’ माझं खरं वजन 92. इतका उदारपणा माझ्याशी आमच्या डॉक्टरांनीही कधी दाखवला नाही.

‘बाकी माल मात्र खरा तोलतात,’ ती म्हणाली आणि थोडं थांबली. तिच्या नव्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात मालाच्या यादीत ‘ह्यूम’ आलं. माणसाच्या पार्थिवाला कागदावर असं लिहितात. आखातातून आलेली पेटी पुढे घरी जायची होती. ‘जिवंत असताना त्याला आमच्यासारख्या कुणीतरी 75 धरलं असेल. येताना किलोला किलो लिहिला.’ बॅगा भिरकावण्याबद्दल ज्यांना रोज शिव्या बसतात, त्याच लोडरांनी ती पेटी आवाज न करता चढवली. वर 21व्या रांगेत त्याचा भाऊ बसला होता. शेजारच्याला काहीच ठाऊक नव्हतं. हिनं क्रूच्या प्रमुख मुलीला तेवढं हळूच सांगून ठेवलं. त्याला चहा दोनदा गेला, पैसे एकदाही मागितले नाहीत. भाची हे सांगून मोबाइलवर विमानाची वेळ बघत राहिली. मीही बघत राहिलो.

काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं उरली. बाप्पानं ऐकलं होतं, नेमके दोघं आले नव्हते. भाचीनं ओढणी सारखी केली, हसू तयार ठेवलं. आणि दरवाजातून एक जोडपं धडपडत आत आलं. बाईच्या कडेवर मूल, नवऱ्याच्या हातात कलंडणारी ट्रॉली, दोघंही नखशिखांत भिजलेले. सांताक्रूझच्या टर्मिनलवर गेले होते, तिथून सहारला पाठवलेले. ‘नागपूर, नागपूर’ एवढंच दोघं ओरडत होते.

मी भाचीकडे वळलो, तर ती जागेवर नव्हतीच. पळत जाऊन तिनं त्यांची ट्रॉली पकडली होती आणि काउंटरकडे ओरडत होती, ‘बंद करू नकोस! दोन अधिक एक इन्फंट!’ बॅग तिनंच पट्ट्यावर टाकली.

परत आली तेव्हा जरा धापा टाकत होती. ‘तू निघ, मामा. सिक्युरिटीला गर्दी असेल.’

‘आणि तू?’

ती नियमाप्रमाणे हसली.

ते जोडपं विमानात माझ्याच शेजारी. नवरा कागदी रुमालानं डोकं पुसत मला म्हणाला, ‘या एअरलाइनवाल्यांना कशाचं काही पडलेलं नसतं हो. युनिफॉर्मवाल्या ढिम्म बसून. ती एक साध्या कपड्यांतली प्रवासी मुलगी धावून आली, म्हणून आम्ही इथे आहोत!’ ही मुलगी कोण ते सांगायला माझी जीभ वळवळत होती, पण गवगवा न करण्याचा नियम मामालाही लागू असावा. मी त्यांच्या मुलाला खिडकी दाखवायला मांडीवर घेतलं. लोडशीटवर 10 किलो असलेलं हे बाळ चांगलं तेराचं भरलं.

भाची दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं आली. तिला पाहून ताई पहिलं काय बोलली असेल? ‘तुमचंच विमान आणि तुलाच जागा नाही? मग तू तिथे करतेस तरी काय?’ सोळा भाज्यांच्या ताटावर पोरगी तीनदा पेंगली.

निघताना ताईनं तिची बॅग भरली. पुरणपोळ्या, अनारसे, सांडगी मिरची, आणि कडेनं महालक्ष्म्यांच्या ओटीतल्या खोबऱ्याच्या वाट्या.

‘आई, 15 किलोच चालतात. आणि सुकं खोबरं तर चालतच नाही. त्यात तेल असतं, पेट घेतं.’

‘खोबरं पेट घेतं? तीस वर्षं गॅसशेजारी बरणी आहे माझी!’

‘आई, नियम आहे.’

ताईनं क्षणभर विचार केला, वाट्या उचलल्या आणि माझ्याकडे वळली.

‘तुझं तिकीट पक्कं आहे ना? मग तू ने.’