किटवाले काका

गिटार वाजवणारे आणि गिटार जोडणारे या दोन स्वतंत्र जमाती आहेत. पहिली कॉलेजच्या कट्ट्यावर आढळते. दुसरी पन्नाशीनंतर, फ्लॅटच्या बाल्कनीत. या दुसऱ्या जमातीतल्या काकांना एकही कॉर्ड धड लागत नाही. पण १९५२ साली आलेल्या गिब्सनच्या लेस पॉलची स्केल पावणेपंचवीस इंच आणि फेंडरच्या स्ट्रॅटची साडेपंचवीस, हे ते मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही थांबवून सांगतात.

फेंडरच्या धर्तीचं किट मागवलं असतं, तर चार स्क्रू पिळून काका दुपारच्या चहापर्यंत मोकळे झाले असते. पण त्यांनी मागवलं लेस पॉलच्या धर्तीचं, कारण स्क्रूने बसवलेली नेक त्यांना भाड्याच्या घरासारखी वाटते. सरसाने चिकटवली, तरच आपली. "नाद जास्त टिकतो," असं ते बजावतात. यावर जगभरचे गिटारवाले अजून भांडत आहेत. काकांनी आपल्यापुरता निकाल लावला आहे.

मग सुरू होतात बिनसरसाच्या तालमी. नेकचं कुसू बॉडीच्या खाचेत घालायचं, काढायचं, पॉलिश पेपरचा एक हात मारायचा, पुन्हा घालायचं. फार घट्ट झालं तर सरस खरवडून बाहेर येतो, सैल झालं तर सरसाने पोकळी भरत नाही. नुसती नेक धरून गिटार उचलली आणि बॉडी खाली पडली नाही, की जमलं. ही परीक्षा काका प्रत्येक पाहुण्यासमोर देतात, आणि पाहुणे आपले पाय आधी मागे घेतात.

पुढे काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा नटपासून ब्रिजपर्यंत दोन्ही कडांनी ताणला जातो, नेक तिरकी नाही ना हे बघायला. फ्रेटबोर्डवर पोलादी पट्टी ठेवून ती ब्रिजच्या माथ्याला टेकते का, हे एक डोळा मिटून तपासलं जातं. लेस पॉलची नेक चार-पाच अंश मागे कललेली असते. त्यात अर्धा अंश चुकला, तरी ब्रिजपाशी दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो. मुलाच्या लग्नात मुहूर्त टळला तेव्हा काका शांत होते. हे दोन मिलिमीटर त्यांची झोप उडवतात.

"अहो, लावा एकदाचा सरस!" काकू म्हणतात. पण खरी भीती तीच आहे. मोजमाप कितीही वेळा बदलता येतं. सरस मात्र काही मिनिटांत धरू लागतो. वाफ देऊन सांधा सोडवता येतो, हे काकांना पाठ आहे. पण काकू सर्दीचं वाफेचं यंत्र देणार नाहीत, हेही.

अखेर तो रविवार येतो. बेल बंद, फोन बंद. सरस लागतो, जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे मध्ये घालून क्लॅम्प आवळले जातात, बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसला जातो. नेक सरळ बसते. तारा चढल्यावर शेजारचा मुलगा वाजवून बघतो आणि म्हणतो, "काका, मस्त!" काका तोवर पुढच्या किटची ऑर्डर देत असतात.

तुमच्या घरात असे काका असतील तर तालमींना हवा तितका वेळ द्या. आणि सरस लागला की चोवीस तास कुणालाही "जरा वाजवून दाखवा" म्हणू देऊ नका.