चार बोटं जास्त

पुरुषमाणूस काही वस्तू इंचांवरच घेतो. टीव्ही, छत्री, पाण्याचा पाइप आणि चेनसॉ. यातल्या पहिल्या तिघांत थोडी हौस खपून जाते. चेनसॉत खपत नाही. पण हे दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही.

कोकणात हे यंत्र पूर्वीपासून होतं, पण वखारवाल्यांकडे आणि लाकूडतोडीची कामं घेणाऱ्यांकडे. निरोप गेला की पलीकडच्या गावातून एक जण मोटारसायकलला कटर बांधून यायचा, काम उरकून, चहा पिऊन, पैसे मोजून जायचा. घरोघरी कटर शिरला तो 3 जून 2020 नंतर. त्या दिवशी निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यातून आत घुसलं आणि संध्याकाळी आमच्याकडच्या वाड्यांत आभाळच आभाळ दिसू लागलं. पोफळी एकमेकींवर आडव्या, त्यांच्यावर माड, माडांवर विजेच्या तारा. झाप कोयतीने तुटतात. बुंध्यांचं काय करायचं? दोघांनी ओढायची जुनी करवत माळ्यावर होती, पण ओढणारे दोघे मुंबईला. वीज पुढे कित्येक दिवस येणार नव्हती, म्हणून विजेवरची करवतही बाद. उरला पेट्रोलचा कटर. तालुक्याच्या दुकानात तेव्हा माणसं पत्र्यांसाठी रांग लावायची आणि पत्रे नाही मिळाले की कटरची चौकशी करायची.

काकांच्या मनात बावीस इंची होती. का, तर शेजारच्या वाडीत अठरा इंची आली होती.

“अठ्ठावन्न सीसी आहे, काका,” दुकानदार म्हणाला. “काहीही घाला, कापते.”

काकूने घरी विचारलं, “काहीही म्हणजे काय काय?”

आणि उत्तराची वाट न बघता ती सुंभाचा तुकडा घेऊन वाडीत गेली. आडव्या पडलेल्या माडाला तिने सुंभ वेढलं, जिथे टोक भिडलं तिथे चिमटीत धरलं, सोडवून घेतलं आणि त्याच्या तीन सारख्या घड्या घातल्या. एक घडी म्हणजे झाडाची जाडी. गणिताच्या मास्तरांनी यात थोडी चूक काढली असती, कारण परीघ तीनाने भागला की व्यास जरासा जास्तच येतो. पण कटरच्या पात्याला, म्हणजे ज्या लांब पट्टीवरून साखळी फिरते तिला, हा जास्तीचा हिशोबच लागतो. काकूने घडीच्या टोकाला आणखी चार बोटं धरली आणि काकांच्या टेपवर ठेवली. साडेपंधरा इंच. पोफळ तर पाच-सहा इंचांची, तिला मोजायचीही गरज नव्हती.

“म्हणजे सोळाच्या वर आपल्याला काही लागत नाही.”

“आणि तो रायवळ?” काकांनी विचारलं.

विहिरीजवळचा रायवळ आंबा मुळांसकट उलथून पडला होता. त्याला वेढायला घरातलं सगळं सुंभ जोडावं लागलं असतं.

“तो तुम्ही कापणार आहात?” काकू म्हणाली.

कटर घेणारा प्रत्येक जण त्या एका रायवळावर डोळा ठेवून घेतो, असं माझं मत झालेलं आहे. वर्षभर कापायच्या असतात पोफळी, शेवग्याच्या फांद्या, फणसाचं वाळलेलं खोड, कुंपणाचे खांब. पण यंत्र निवडताना या मंडळींना कोणी विचारत नाही. वास्तविक सोळा इंची पात्याने दोन्ही बाजूंनी घेतलं तर पंचवीस-तीस इंची ओंडकाही निघतो. फक्त कापणाऱ्याला ते यायला हवं. उलट बावीस इंची पातं पोफळीत घातलं तर सोळा इंच पलीकडे मोकळे राहतात, आणि पलीकडे ते काय करताहेत हे अलीकडच्याला दिसत नाही. आमच्या वाड्या वाळूच्या. पात्याचं नाक क्षणभर वाळूत गेलं की साखळीची धार संपली; मग कानशीने एकेक दात घासत बसा. नाकाची वरची बाजू दुसऱ्या बुंध्याला लागली तर आणखी वाईट. यंत्र झटक्याने उलटतं आणि सरळ तोंडाकडे येतं. त्यासाठी पुढच्या मुठीपुढे ब्रेकचा दांडा असतो. मात्र डोक्याला पंचा, कमरेला लुंगी आणि पायात स्लिपर अशा पोशाखात कापणाऱ्या माणसासाठी अजून कुठल्या कंपनीने ब्रेक काढलेला नाही.

लांबीइतकीच ताकदीची भानगड. दुचाकीमुळे आपल्याला सीसी तोंडपाठ, म्हणून खोक्यावर सीसी मोठ्या अक्षरांत छापतात. पण सीसी म्हणजे इंजिनाचं पोट. ते किती जेवतं हे कळतं, किती काम करतं हे कळत नाही. काम कळतं किलोवॉटवरून, आणि तो आकडा खोक्याच्या तळाशी असतो, बहुतेक वेळा किमतीच्या चिठ्ठीखाली. ढोबळ मानाने तीस-पस्तीस सीसीच्या यंत्राला बारा ते चौदा इंच पातं झेपतं, पंचेचाळीस-पन्नासला सोळा-अठरा, आणि वीसच्या पुढे जायचं तर साठ-सत्तर सीसीचा गडी हवा. पातं लांबलं की साखळी लांबते, घर्षण वाढतं, लाकडात एका वेळी जास्त दात रुततात. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास असतो. म्हणजे तासाला बहात्तर किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाने आम्हाला एवढा वेग क्वचितच दिला असेल. लहान इंजिनावर मोठं पातं चढवलं की हा वेग पडतो, इंजिन रडतं, तापतं, आणि कापणारा वैतागून वरून रेटू लागतो. साखळीला धार असेल तर रेटावं लागतच नाही, यंत्राच्या वजनानेच पातं उतरतं. धार आहे की गेली हे ओळखायला भुसा बघायचा. जाड कीस पडत असेल तर ठीक. पिठासारखं पडू लागलं की थांबा आणि कानस काढा.

गंमत म्हणजे साखळीच्या करवतीची सुरुवात झाडांपासून झालीच नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाडं कापायला हाताने ओढायची दातेरी साखळी वापरली, तीही अडलेल्या बाळंतिणींच्या सुटकेसाठी. हे मी काकूला सांगितलं तेव्हा तिने कटरकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर पुढे बरेच दिवस तशीच राहिली. 1926 साली जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी ओंडके कापायचं विजेचं यंत्र केलं. ते साठ किलोंच्या वर भरायचं आणि चालवायला दोन माणसं लागायची. आजच्या साखळीचे दात मात्र एका किड्याची देणगी. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये बुंध्यात एक अळी पाहिली. ती लाकूड रेषेत आणि रेषेआड, दोन्हीकडे सहज कुरतडत चालली होती, डावा जबडा, उजवा जबडा. त्याने साखळीला तसेच आळीपाळीने डावे-उजवे दात दिले. खोडकिड्याने माड पोखरले म्हणून आम्ही आयुष्यभर बोंब मारतो, आणि हा माणूस त्याच जमातीकडून शिकून कारखानदार झाला.

त्या अळीने माड पाहिलेला नसावा. माडाचं लाकूड बाहेरून कठीण, आत भुसभुशीत, आणि सगळं तंतूंनी भरलेलं. चार कापांनंतर ते ओले तंतू साखळीच्या चक्राभोवती असे गुंडाळले जातात की वरचं झाकण उघडून स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढावे लागतात. ही माहिती कुठल्याही खोक्यावर छापलेली नसते.

शेवटी काकांनी सोळा इंची, पंचेचाळीस सीसीची घेतली. गावात मात्र “ताकद बावीस इंचीची आहे” असं सांगितलं. पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं. टू-स्ट्रोक बजाज चेतक चालवलेल्या पिढीला त्या वासाने जरा तरुण वाटतं. लिटरला वीस मिली, पन्नासास एक, आणि साखळीचं तेल वेगळ्या टाकीत. हे सगळं झालं तरी दोन दिवस कटर ओटीवर बसून होता, कारण पंचनामा झाल्याशिवाय झाडांना हात लावायचा नव्हता. काका रोज झाकण उघडून तेल बघायचे.

रायवळाला अखेर वखारीचा माणूस आला, तीस इंची पातं घेऊन. आधी त्याने झाडाभोवती चक्कर मारली. उलथलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा मातीसकट पुन्हा खड्ड्यात बसू शकतो, तेव्हा त्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, हे त्याने सर्वांना बजावलं. काका खुर्ची घेऊन लांब बसले आणि मधूनमधून सूचना देत राहिले. यंत्राच्या आवाजात त्या कोणाला ऐकू आल्या नाहीत.

आता घरात आणखी एक कटर आहे. सहा इंची, बॅटरीवरचा, एका हातात मावणारा. कलमांवरची बांडगुळं काढायला काकूने मागवला. बांडगूळ नुसतं ओरबाडून जात नाही, फांदी त्याच्या खालून कापावी लागते, आणि तिथे मोठं यंत्र घेऊन शिडीवर चढणं म्हणजे वेडेपणा. काकूचा कटर लांब बांबूशिवाय हात पोचेल तेवढ्या फांद्या गुपचूप साफ करतो. काकांनी पहिल्या दिवशी त्याला खेळणं म्हटलं. परवा दुपारी काकू झोपलेली असताना ते तोच घेऊन शेवग्याखाली उभे होते, आणि मी दिसल्यावर म्हणाले, “चार्जिंग किती राहिलंय बघत होतो.”