न पाहिलेल्या सिनेमाचा निकाल लावणाऱ्यास

रा. रा. शनिवारचे समीक्षक,
मुक्काम चहाची टपरी, आळेफाटा



सिनेमा शुक्रवारी लागतो. शनिवारी सकाळी, पहिला चहा उकळायच्या आत, तुमचा निकाल तयार असतो. थिएटरचं तोंड तुम्ही पाहिलेलं नसतं. टेलिग्रामवर आलेली फाइल असते, ती जेवता जेवता, पुढे पळवत, मध्येच दोन फोन घेत उरकलेली असते. आणि तेवढ्या भांडवलावर तुम्ही छातीठोकपणे सांगता, "काय दम नाय राव, पकवलं नुसतं."

'दशावतार'च्या वेळी तुम्ही हेच केलंत. 12 सप्टेंबर 2025ला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे एकाच दिवशी लागले होते. कुठला आधी बघायचा यावर टपरीवर आमची छान जुंपली होती. आळ्यातून मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा म्हणजे गाडी काढा, पेट्रोल टाका, तिकिटं काढा, रात्री उशिरा घरी या. तरी बेत ठरत आला होता. तेवढ्यात तुम्ही मोबाइल पुढे केलात.

त्या मोबाइलवर काय होतं ते मीही पाहिलं. पडदा तिरका. खालच्या कोपऱ्यात पुढच्या रांगेतल्या कुणाचं तरी डोकं. सिनेमातल्या बाबुली मेस्त्रीच्या, म्हणजे दिलीप प्रभावळकरांच्या कपाळावरून सरकत जाणारी सट्ट्याच्या अ‍ॅपची पट्टी. संवादापेक्षा खोकला स्पष्ट. प्रभावळकर वयाच्या ऐंशीच्या घरात तोंडाला रंग लावून उभे राहतात, डोळ्यांनी बोलतात, आणि तुमच्या त्या चौकटीत त्यांचे डोळेच दिसत नव्हते. ज्याचे डोळे दिसले नाहीत त्याचा अभिनय तुम्ही कुठून तपासलात? वर सगळ्यांसमोर शेवट सांगून मोकळे झालात. आमचा बेत तिथंच मोडला. शेवट कळल्यावर गाडी काढायला कोण तयार होणार?

ही सवय जुनी आहे. 'सैराट' 29 एप्रिल 2016ला लागला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी कॉपी फिरायला लागली. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी सिनेमाच्या शेवटी आवाज काढून घेतला, तेव्हा भरलेलं थिएटर गप्प होत होतं. त्या शांततेत शेकडो माणसांबरोबर बसणं, हाच तो अनुभव होता. ज्यांना शेवट आधीच कुणीतरी सांगितला, त्यांचा तो अनुभव कायमचा गेला. तो परत देता येत नाही.

"आम्ही कुठं चोरी केली, आम्हाला फॉरवर्ड आलं," असं तुम्ही म्हणता. 2023मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. थिएटरात चोरून चित्रीकरण करणं आणि ती कॉपी लोकांपुढे फिरवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. पण मला तुम्हाला कायद्याचा धाक घालायचा नाही. मला लाजेची आठवण करून द्यायची आहे, कारण आपण कुठं राहतो हे तुम्ही विसरलात.

आपल्या शेजारी नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथल्या राहुट्यांत येतात, फडमालकासमोर बसून घासाघीस करतात, सुपारी देतात. गण, गवळण, बतावणी, मग वग. माणसं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसायची. आणि मग बोलायची. कुणाचा आवाज बसला होता, सोंगाड्या कुठं चुकला, वग कुठं लांबला, ढोलकीवाल्यानं कसा सावरून घेतला. त्या बोलण्यात धार होती, प्रसंगी शिवीही होती. फडमालक ती ऐकून घेत, कारण बोलणारा रात्रभर समोर बसलेला असे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर अशाच प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. आज त्यांच्या नावानं राज्य सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं. त्या मातीतला प्रेक्षक आता वग न बघताच फड मोडायला निघालाय.

तुमचं दुसरं पालुपद, "मराठीत नवीन काही होतच नाही." रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी 2025मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला एक मुलगा आणि त्याचा गावातला मित्र, यांची ती गोष्ट. 19 सप्टेंबरला तो सिनेमा थिएटरात लागला. तुम्ही त्याचं नाव तरी घेतलंत का? तुम्हाला नवीन हवं नसतं, तुम्हाला फक्त तक्रार हवी असते.

आळेफाट्याच्या बाजारात व्यापारी गोणी ओतून, कांदा हातात घेऊन मगच भाव बोलतो. न बघता भाव पाडला तर शेतकरी त्याला तिथंच उभा धरील. सिनेमा करणाऱ्यांनीही घाम गाळलेला असतो, कुणी घर गहाण टाकलेलं असतं. त्यांच्या मालाचा भाव तुम्ही गोणी न सोडता पाडता, आणि त्यांच्या वतीनं तुम्हाला धरणारा टपरीवर कुणी नसतो. म्हणून हे पत्र.

वाद नको असं मी म्हणत नाही. 'छावा' लागायच्या आधीच ट्रेलरमधल्या लेझीमवरून केवढं रण माजलं, शेवटी दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढलं. सिनेमावर भांडणारा महाराष्ट्र मला आवडतो. तेच उतेकर आता विठाबाईंवर हिंदी सिनेमा करताहेत, श्रद्धा कपूर विठाबाई होणार आहेत. त्यांना ती लावणी, ती बोली, तो ठसका जमेल का, यावर आपल्या जुन्नर तालुक्याइतकं अधिकारानं कोण बोलेल? हा सिनेमा तरी मोबाइलवर आलेल्या फाइलीत बघू नका. तिकीट काढा, शेवटपर्यंत बसा, नावं सरकेपर्यंत उठू नका. मग टपरीवर या आणि हवं तेवढं झोडा. तोवर शेवट कुणाला सांगू नका, एवढी हात जोडून विनंती.

आपला,
आळ्याचा एक प्रेक्षक