सहकुटुंब उपाहार : पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष मोहीम

लहान मूल घेऊन हॉटेलात जाणाऱ्या कुटुंबाने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. मुलाचे भांडण जेवणाशी नसते. ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंतच्या वेळाशी असते. ‘पंधरा मिनिटं लागतील, साहेब’ याचा अर्थ तीन वर्षांच्या नागरिकाला ‘कधीच मिळणार नाही’ असा लागतो आणि तो त्याप्रमाणे निषेध नोंदवतो. सबब, करमणुकीचे साहित्य जमवण्याआधी हॉटेल निवडावे. तेही चवीवर नव्हे, वेगावर.

या कसोटीवर थाळी पहिली येते. बसल्या बसल्या ताट-वाट्या पुढ्यात आणि वाढप्यांची ये-जा सुरू. काही गुजराती-राजस्थानी थाळीवाल्यांकडे वाढपी एकमेकांना बोटांच्या खुणांनी पदार्थ मागवतात. हा मूकाभिनय मुलाला फुकट बघायला मिळतो. माटुंगा स्टेशनजवळ 1942 पासून चालत आलेल्या रामा नायकांच्या उडुपी खाणावळीत केळीच्या पानावर जेवता येते. पान हिरवे, ओले आणि मनसोक्त फाडता येण्याजोगे. इतके गुण एका खेळण्यात क्वचितच सापडतात.

याउलट, रविवारी सकाळी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’त जायचे, गर्दीत नंबर लागायची वाट बघायची आणि सोबत उपाशी मूल ठेवायचे, हा बेत अनुभवी माणसे करत नाहीत. मुलाला घरून पोहे खायला घालून न्यावे. मग ते हॉटेलात काय खाणार, असे विचारू नये. ते तिथे तसाही पापडच खाते.

पापडाविषयी थोडे विस्ताराने. तो साधा, भाजलेलाच मागवावा. मसाला पापडावर कांदा-टोमॅटो पडताच त्याचा आवाज जातो आणि आवाजाविना पापड म्हणजे या वयात निव्वळ अन्न. शिवाय कडेकडेने कुरतडत नेल्यास पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंतचा सगळा पक्ष टेबलावर दाखवता येतो. बहुतेक मुले अष्टमीलाच दुसरा पापड मागतात. द्यावा.

टेबलावरची बाकी मालमत्ता मात्र तत्काळ जप्त करावी: टूथपिक, काटे, वाफाळते सूप, मिरच्या. मसाला शेंगदाणे तर मुळीच नकोत. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ तो लहान मुलांना देऊ नका म्हणतात. इथे विनोद नाही. जप्त माल ठेवताना मुलाच्या हाताचा पल्ला आपल्या अंदाजापेक्षा वीतभर जास्त धरावा.

आता मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की, वर्षाच्या मुलाला बसवून पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासापेक्षा जास्त नको. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली पडदा नकोच म्हणते. अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. ही पळवाट जाणत्या पालकांनी केव्हाच हेरली आहे. ऑर्डर देताच आजीला फोन लावावा. ‘बाहेर कशाला नेलंत त्याला?’ इथून सुरू होणारा कार्यक्रम सूप येईपर्यंत सहज पुरतो. त्यात मुलापेक्षा शेजारच्या टेबलाची करमणूक अधिक होते, हे मान्य.

परदेशी शास्त्रही तपासून पाहावे. ग्वाटेमालात मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या योलांदा फर्नांदेझ दे कोफिन्यो यांनी 1970 च्या दशकात मुलांसाठी वेगळे छोटे जेवण काढले. अमेरिकेत ‘हॅपी मील’ 1979 मध्ये आले. कल्पना थोर, पण अंमलबजावणीत दोष. खेळणे खोक्यात जेवणासोबत येते, म्हणजे गरज संपल्यावर. ते ऑर्डर घेतानाच हातात पडते, तर शोधाचे चीज झाले असते.

हा दोष मुंबईच्या इराण्यांकडे नाही. त्यांच्या जुन्या हॉटेलांत भिंतींवर आरसे असतात. गल्ल्यावर बसल्या बसल्या मालकाला सगळ्या टेबलांवर नजर ठेवता यावी म्हणून ते लावले, असे सांगतात. दोन वर्षांच्या मुलाला तेवढ्यात एक सवंगडी मिळतो. तो जीभ दाखवतो आणि हिसकावून काही घेत नाही. धोबीतलावच्या 1904 सालच्या ‘कयानी’त काचेच्या बरण्यांतली बिस्किटेही बघायला मिळतात. ब्रुन मस्का तर बघेपर्यंत येतोच.

इतके करूनही मूल टेबलाखाली गेले, तर जाऊ द्यावे. तिथे बहुधा कुणाचा तरी सुटा बूट मिळतो. वेटरकाकांशी पहिल्या पाच मिनिटांत ओळख करून घ्यावी, मुलाचे नाव त्यांना सांगावे आणि सांडलेला भात डोळ्यांसमोर ठेवून टिप ठरवावी.

शेवटी लिंबाची फोड घातलेला फिंगर बाउल येतो आणि सगळ्यांत जास्त करमणूक नेमकी इथे होते, म्हणजे निघायची घाई असताना. तो मुलासाठी वेगळा मागवावा. त्यातले पाणी मूल पिणार, हे धरूनच चालावे. दुसरा मागवावा.